जुन्या एमएक्स-५ ला कॉइलओव्हर बसवण्याआधी

इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांनी गेल्या वर्षी १९९५ ची मजदा एमएक्स-५ घेतली, १.८ लिटरची, नव्वद हजार मैलांच्या पुढे चाललेली. रविवारी सकाळी ते कॉट्सवोल्ड्सच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर जातात. तक्रार अशी : वळणात गाडी खूप झुकते आणि झुकल्यावर डुलत राहते, वळणाच्या मध्यावर खड्डा आला की मागची बाजू उडते, आणि मोटरवेवर ताशी सत्तर मैलांच्या वेगाला स्टिअरिंग सारखे सांभाळत बसावे लागते. मित्रांचा सल्ला, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा एकत्र, उंची कमी-जास्त करता येणारा सेट) बसव आणि गाडी चार सेंटिमीटर खाली घे. बजेट १,२०० पौंड. पुढेमागे एखादा ट्रॅक डे (स्वतःची गाडी रेसट्रॅकवर चालवण्याचा दिवस) करायचाय. कोणता सेट घ्यावा?

मी मिडलंड्समध्ये जुन्या जपानी आणि ब्रिटिश स्पोर्ट्स कारची कामे करतो. हात बसला तो पुण्यात, प्रीमियर पद्मिनीचे मागचे पाटे आणि पुढचे किंगपिन बदलत. एमएक्स-५ ची पहिली पिढी माझ्याकडे सर्वात जास्त येते, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी तुमचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने मांडतो. तुम्ही तीन तक्रारी एका दमात सांगितल्यात, पण त्यांची मुळे तीन वेगळ्या ठिकाणी आहेत. झुकल्यावर डुलत राहणे हे शॉकअपचे लक्षण. खड्ड्यावर मागून उडणे हे बहुतेक वेळा बंप स्टॉपचे, म्हणजे शॉकअपची चाल संपताना अडवणाऱ्या तुकड्याचे. मोटरवेवर भरकटणे हे बुश (सांध्यांमधली रबरी नळकांडी) आणि अलाइनमेंटचे (चाकांचे कोन लावण्याचे), त्यातही मागच्या चाकांच्या टोचे, म्हणजे वरून बघता चाके किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत त्याचे. नुसते झुकणे, ज्याला सगळे बॉडी रोल म्हणतात, ही चौथी गोष्ट आणि माझ्या मते तुमच्या यादीतली सर्वात कमी महत्त्वाची. कॉइलओव्हर या चौथ्या गोष्टीवर थेट काम करतो, पहिलीवर बरेचसे. दुसरी तक्रार गाडी फार खाली घेतली तर वाढते, आणि तिसरीला तो हातही लावत नाही.

हेही आधीच सांगतो की गाडी बघितल्याशिवाय काही गोष्टी ठरत नाहीत. आधीच्या मालकाने काय बदलले आहे, गंज किती आहे, बोल्ट सुटतील का, आणि तुम्हाला स्वतःला किती कडक गाडी सोसते. तुमची गाडी ब्रिटनमध्ये नवी विकली गेलेली आहे की जपानहून आलेली युनोस रोडस्टर, यानेही फरक पडतो. आयात गाड्यांची सुरुवातीची वर्षे मीठ न टाकलेल्या रस्त्यांवर गेलेली असली तर त्यांचे बोल्ट पुष्कळदा निमूट सुटतात. ब्रिटिश हिवाळ्यांत मुरलेल्या गाडीचे तसे नसते.

आता झुकण्याबद्दल, कारण सगळे पैसे तिथेच जातात. वळणात आतल्या चाकांवरचे काही वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते हे चार गोष्टींवर ठरते : गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांमधले आडवे अंतर. तुमच्या गाडीचे चालकासह वजन १,०५० किलो धरा, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटिमीटर, चाकांमधले अंतर सुमारे १४२ सेंटिमीटर आणि वळण गुरुत्वाच्या ०.८ पट जोराचे. मग साधारण २६५ किलो आतून बाहेर जातात. या हिशेबात स्प्रिंग कुठेच नाही. स्प्रिंग दुप्पट कडक केलीत तरी २६५ किलो जायचे ते जातातच. कडक स्प्रिंगने बॉडी कमी झुकते, आणि तो भार पुढच्या-मागच्या चाकांत कसा वाटला जातो ते बदलते. गाडी चार सेंटिमीटर खाली घेतली तर आकडा जेमतेम २४ किलोंनी उतरतो. तेवढ्यासाठी तुम्ही सस्पेन्शनची चार सेंटिमीटर चाल देऊन टाकता, आणि या गाडीत ती मुळातच थोडी आहे.

मग झुकणे कमी करण्यात फायदा काहीच नाही का? आहे. बॉडी कमी झुकली की चाकांचा कॅम्बर (समोरून बघता चाकाचा उभा कल) कमी बिघडतो, टायर रस्त्यावर जास्त सपाट राहतो, आणि डावीकडून उजवीकडे वळताना गाडी लवकर सावरते. पण एमएक्स-५ ला चारही चाकांना डबल विशबोन आहेत, म्हणजे प्रत्येक चाक वर एक आणि खाली एक अशा दोन आर्मनी धरलेले. गाडी झुकली तरी कॅम्बर आवरून धरण्यासाठीच ही रचना असते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरच्या आर्मऐवजी शॉकअपनेच चाक धरणाऱ्या) हॅचबॅकला कडक स्प्रिंगचा जितका फायदा होतो तितका इथे होत नाही. तोशिहिको हिराई यांच्या चमूने १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी आणली, तेव्हा टनभराहून हलके वजन आणि ही विशबोनची रचना हाच तिच्या हाताळणीचा पाया होता. तुमच्या गाडीत तो पाया अजून शाबूत आहे. त्याच्या सांध्यांमधले रबर मात्र तीस वर्षांचे झाले आहे.

म्हणून माझा क्रम असा : टायर, मग सगळे सांधे, मग शॉकअप, मग अलाइनमेंट. स्प्रिंग आणि अँटी-रोल बारचा (डाव्या-उजव्या चाकांना जोडून झुकणे कमी करणाऱ्या दांड्याचा) विचार त्यानंतर.

टायर. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. ३५१४ म्हणजे २०१४ चा पस्तिसावा आठवडा. रविवारी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजत नाहीत, नुसते म्हातारे होतात. खाचा खोल दिसतात आणि रबर दगडासारखे झालेले असते. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी २०२१ पासून बस आणि लॉरीच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुना टायर चालत नाही. खासगी कारला हा नियम नाही, मी मात्र स्पोर्ट्स कारला सहा-सात वर्षांपुढे टायर ठेवत नाही. तुमच्या गाडीची मूळ मापे १८५/६० आर १४ असतील तर तीच ठेवा आणि चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे घ्या. हवा तपासा. मजदाने या गाडीला २६ पीएसआय सांगितली आहे. टायरवाले सवयीने ३२-३४ भरतात. इतक्या हलक्या गाडीत ती जास्तीची हवा लगेच जाणवते, मागची बाजू टणाटणा उडायला लागते. आज घरी जाऊन फक्त हवा २६ वर आणलीत तरी तुमची दुसरी तक्रार थोडी कमी झालेली दिसेल.

सांधे. यात बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, अँटी-रोल बारचे ड्रॉप लिंक आणि व्हील बेअरिंग सगळे आले. गाडी जॅकवर घ्या, चाक घड्याळातल्या बारा आणि सहावर धरून हलवा, मग तीन आणि नऊवर. प्ले (सैलपणा) कुठून येतोय ते दुसऱ्या माणसाला खालून बघू द्या. बॉल जॉइंटचे रबरी बूट फाटलेले असतील तर जॉइंट आज घट्ट वाटला तरी आत पाणी गेलेले असते. बुश मात्र हाताने हलवून कळत नाहीत. मी आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म ज्या चौकटीवर बसतात तिच्या) मध्ये पट्टी घालून तिरपा जोर देतो. चांगला बुश थोडा दबून तसाच परत येतो, गेलेल्या बुशमध्ये मधली नळी एका बाजूला सरकलेली दिसते आणि रबरात चिरा उघडतात.

मोटरवेवरची तुमची तक्रार इथे उगम पावते. मागच्या आर्मचे बुश सैल झाले की ब्रेक, ॲक्सिलरेटर आणि रस्त्याचा उतार यांनुसार मागच्या चाकांचा टो बदलत राहतो. मागची चाके किंचित बाहेरच्या दिशेला बघू लागली की गाडी मागून स्टिअर होते, आणि तुम्ही पुढून ते सारखे निस्तरत बसता. अशा गाडीला कडक स्प्रिंग लावली की भरकटणे आणखी तीव्र होते, कारण रस्त्याचा प्रत्येक धक्का त्या सैल बुशवर जास्त जोराने येतो.

रबराचे घ्यावे की पॉलियुरेथेनचे? रस्त्यावरच्या गाडीला मी नवे मूळ दर्जाचे रबर घालतो. पॉलियुरेथेन चांगले काम देते, पण त्याला ग्रीस लागते, कोरडे पडले की कुरकुरते, आणि गाडीचा गोडवा थोडा जातो. ट्रॅकवर नेमाने जाणाऱ्यांनी जरूर घालावे. एक व्यवहाराची बाजूही आहे : रबरी बुश काढा-घालायला प्रेस लागते, पॉलियुरेथेनचे नवे बुश व्हाइसमध्येही बसतात. घरी काम करणारे पुष्कळजण म्हणूनच तिकडे वळतात, आणि ते कारण वाजवी आहे.

रबर घातलेत तर एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून बघा. रबरी बुशमध्ये आतली नळी आणि बाहेरचे कडे यांना रबर कायमचे चिकटवलेले असते. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळले जाते. गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबराची शून्य जागा तिथेच ठरते. गाडी जमिनीवर आली की प्रत्येक बुश कायमचा पिळलेला राहतो. गाडी उंच बसते, कडक वाटते, आणि वर्ष-दोन वर्षांत नवे बुश फाटतात. म्हणून बोल्ट हाताने घालायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढे-मागे ढकलून बसू द्यायची, आणि मगच टॉर्क पान्याने आवळायचे. चार पोस्टचा लिफ्ट किंवा खड्डा नसेल तर प्रत्येक आर्मखाली जॅक लावून चाक नेहमीच्या उंचीला आणायचे आणि मग आवळायचे. तुम्ही काम बाहेर देणार असाल तर हा एक प्रश्न आधी विचारा. उत्तर देताना मेकॅनिक गोंधळला तर दुसरीकडे जा.

आणि बोल्ट. एमएक्स-५ मध्ये खालच्या आर्मच्या आतल्या टोकाला जे बोल्ट आहेत त्यांना एक्सेंट्रिक चकती असते. ते फिरवून कॅम्बर, कॅस्टर (पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागे कल) आणि टो लावतात. तीस वर्षांत हे बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतात. नट सुटतो, बोल्ट फिरत नाही, आणि जोर केला की रबर पिळून परत येते. मागच्या खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाचा लांब बोल्ट तर याबाबतीत कुप्रसिद्धच आहे. आठवडाभर आधीपासून रोज भेदक तेल मारत राहा, गरम करून बघा, आणि तरी न सुटल्यास कापण्याची तयारी ठेवा. मी नवे एक्सेंट्रिक बोल्ट आणल्याशिवाय हे काम हातात घेत नाही. तुमच्या बजेटमध्येही ते पहिल्या दिवसापासून धरा, कारण बोल्ट जाम असेल तर अलाइनमेंटवाला नुसता पुढचा टो लावून गाडी परत देतो आणि तुम्हाला वाटते अलाइनमेंट झाले.

याच वेळी गंज बघून घ्या. पहिल्या पिढीत मागच्या चाकाच्या पुढचा सिल (दाराखालचा पत्र्याचा भाग) कुजतो; हूडचे म्हणजे कापडी छताचे पाणी वाहून नेणारी छिद्रे तुंबली की पाणी आत साचते. वार्षिक एमओटी तपासणीत सस्पेन्शनच्या जोडाच्या ३० सेंटिमीटर परिसरात भार पेलणारा पत्रा गंजून कमजोर झालेला सापडला तर गाडी नापास होते. सिल कुजलेला असेल तर तुमचे १,२०० पौंड वेल्डिंगला द्या, बाकी सगळे पुढच्या वर्षी.

आता शॉकअप. बॉनेट दाबून गाडी किती वेळा हलते ते बघण्याची जुनी परीक्षा फक्त पूर्ण मेलेला शॉकअप पकडते. खरा अंदाज तो काढून हातात घेतल्यावर येतो. दांडा दाबत आणि ओढत राहा. दिशा बदलताना क्षणभर पोकळ वाटले, काहीच अडवत नाही असे झाले, तर तो गेला. नव्वद हजार मैलांवर मूळ शॉकअप असतील तर ते बदलायचेच आहेत. माझी शिफारस मूळ स्प्रिंगसह कोनी स्पोर्ट किंवा बिल्स्टाइन. कोनीत रिबाउंड (शॉकअप उघडतानाचा आवर) कमी-जास्त करता येतो, त्यामुळे पुढे कधी थोड्या कडक स्प्रिंग घातल्या तरी तेच शॉकअप पुरतात.

फक्त खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग जुन्या शॉकअपवर घालणे हा सर्वात वाईट पर्याय आहे, आणि स्वस्त म्हणून लोक तोच निवडतात. स्प्रिंग दुप्पट कडक झाली तर तिला तितक्याच ताब्यात ठेवायला शॉकअपमध्ये साधारण १.४ पट आवर लागतो. थकलेल्या शॉकअपकडे आधीच्याच स्प्रिंगपुरता उरलेला नसतो. गाडी खाली दिसते, उड्या मारते, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाके पकड सोडतात.

बंप स्टॉपची गोष्ट शॉकअपला जोडूनच आहे. दांड्यावर बसलेला हा फोमचा तुकडा चाल संपत आली की मऊपणे अडवतो. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये मोकळी चाल कमी असल्याने वळणात बाहेरचा शॉकअप बंप स्टॉपला टेकतो. वळणात टेकलेल्या अवस्थेत खड्डा आला की त्या कोपऱ्याची कडकपणाची पातळी अचानक उसळते आणि चाक उडते. तुमची दुसरी तक्रार शब्दशः हीच आहे. जुना फोम चुरा होऊन गळून गेलेला असेल तर धक्का धातूवर येतो, मग आवाजही ऐकू येतो.

हे तपासायला खर्च नाही. शॉकअपचे धुळीचे बूट वर सरकवा, दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बांधून खाली सरकवून ठेवा, आणि नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवून या. केबल टाय जिथवर सरकलेला असेल तिथवर चाल वापरली गेली. तो बंप स्टॉपला जाऊन भिडलेला असेल तर गाडी खाली घेण्याचा विचार सोडून द्या. उलट दुसऱ्या पिढीचे वरचे माउंट बसवा. त्यांची रचना वेगळी असल्याने थोडी चाल जास्त मिळते. वापरलेले माउंट सहज मिळतात. योग्य वॉशर आणि नवे बंप स्टॉप घालून ते पहिल्या पिढीला बसतात. या गाडीवर इतक्या कमी पैशांत इतका फरक करणारा दुसरा बदल मला माहीत नाही.

अलाइनमेंट सर्वात शेवटी आणि चारही चाकांची, चालकाच्या सीटवर तुमच्या वजनाइतका भार ठेवून, टाकी अर्धी भरून. रस्त्यासाठी मी लावतो ते आकडे : पुढे कॅम्बर उणे १ अंश, मागे उणे दीड अंश, पुढे टो शून्य किंवा किंचित आत, मागे एकूण २ ते ३ मिलिमीटर टो-इन, कॅस्टर ५ अंशांच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना सारखा. यातला मागचा टो-इन तडजोडीचा नाही. बाकी थोडे इकडे-तिकडे चालेल. दुकानात "फॅक्टरीच्या मर्यादेत आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. त्या मर्यादा इतक्या रुंद असतात की डावी आणि उजवी बाजू वेगळ्या स्वभावाची निघू शकते. छापील पट्टी मागून घ्या आणि दोन्ही बाजूंचे आकडे जुळतात का ते स्वतः बघा.

पैशांचा हिशेब असा बसतो. टायर चांगले असतील तर शॉकअप, माउंट, बंप स्टॉप आणि अलाइनमेंट १,२०० मध्ये होते, काही बुशही होतात. टायर म्हातारे असतील तर टायर, वाजणारे सांधे आणि अलाइनमेंट या वर्षी, शॉकअप पुढच्या वर्षी. सगळे बुश एकदम करायचे आणि मजुरी द्यायची तर हे बजेट पुरणार नाही, कारण या कामात सामानापेक्षा वेळ महाग पडतो.

हे सगळे झाल्यावरही गाडी झुकते असे वाटले तर? थोडी झुकेल. त्या झुकण्यातून टायरवर किती भार आला हे तुम्हाला पाठीने कळते, आणि नवीन शॉकअपमुळे ती एकदाच झुकून स्थिर राहील. तरी कमी हवे असेल तर मी आधी पुढचा अँटी-रोल बार जाड करतो. बारचा पीळ सोसण्याचा जोर व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो : भरीव १९ मिलिमीटरच्या जागी २२ चा बार घातला तर तो सुमारे ८० टक्के कडक होतो. मागचा बार जाड करण्याची घाई करू नका. मागे साधा डिफरन्शियल (दोन मागच्या चाकांत इंजिनचा जोर वाटणारा गिअर) असेल तर वळणातून बाहेर पडताना आतले चाक हलके होऊन नुसते फिरते, आणि पावसात ॲक्सिलरेटर सोडताच मागची बाजू निसटते. इंग्लंडमध्ये रस्ता ओला असण्याचे दिवस पुष्कळ.

कॉइलओव्हरला माझा विरोध नाही. चांगल्या प्रतीचा सेट, रस्त्याला साजेशा स्प्रिंग आणि पुरेशी चाल ठेवून बसवला तर ही गाडी फार सुंदर चालते. अट एवढीच की उंची चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजावी आणि रस्त्याच्या गाडीत ती ३३ सेंटिमीटरच्या खाली नेऊ नये. त्याहून खाली विशबोनचे कोन बिघडतात, रोल सेंटर (बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो, आणि झुकणे रोखायला आणखी कडक स्प्रिंग लागतात. शिवाय उघड्या छताच्या गाडीत फार कडक स्प्रिंगने बॉडीच थरथरायला लागते, जरी १.८ मध्ये मजदाने बॉडीला जादा ब्रेसिंग (आधाराच्या पट्ट्या) दिले असले तरी. तुमच्या बजेटमध्ये मिळणारे कॉइलओव्हर आणि त्याच पैशांतले कोनी यांत मी कोनीच घेईन.

ट्रॅक डेबद्दल : पहिल्या वेळी सस्पेन्शन आहे तसेच ठेवा. नवे ब्रेक फ्लुइड आणि चांगले पॅड घालून जा, टायरमधली हवा प्रत्येक फेरीनंतर तपासा, आणि घरी आल्यावर पुढच्या टायरची बाहेरची कड बघा. ती आतल्या कडेपेक्षा जास्त खरवडली गेली असेल तर पुढचा कॅम्बर उणे दीडपर्यंत न्यायला वाव आहे. शॉकअप किंवा स्प्रिंग मूळ नसतील तर विमा कंपनीला लेखी कळवा, ब्रिटनमध्ये न कळवलेल्या बदलांवरून दावा अडू शकतो. ट्रॅकवरचे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा नसते, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

केबल टायची चाचणी, टायरवरचे चार आकडे आणि अलाइनमेंटची आत्ताची पट्टी एवढे कळवलेत तर कुठून सुरुवात करायची ते मी नेमके सांगू शकेन.